भाव बघू नका, दिवे मोजा : घरांच्या बाजारावरून दुकानाची जागा कशी ठरवायची?



दुकान टाकायचं म्हणणाऱ्या दहापैकी सात जण मला एकच प्रश्न विचारतात : "सर, अमुक भागात फ्लॅटचे भाव दोन वर्षांत खूप वाढलेत. तिथे गाळा घेऊ का?" गेल्या आठवड्यात असाच एका मुलाचा फोन आला. वय सव्वीस. वडील नुकतेच रिटायर झालेले, त्यांच्या पैशांतून तीन लाख डिपॉझिट भरायचं ठरलंय. जागा पुण्याच्या पूर्वेला, वाघोलीच्या पुढे. मी त्याला विचारलं, "रात्री साडेआठला तिथे उभा राहून पाहिलंयस का?" तो म्हणाला, "नाही सर, ब्रोकर सकाळी अकराला घेऊन गेला होता."

आजचा लेख त्या मुलासाठी आणि त्याच्यासारख्या तुम्हा सगळ्यांसाठी. घरांच्या किमती आणि घरांचा पुरवठा हा विषय आपल्याला फ्लॅट घेणाऱ्यांचा वाटतो. पण छोट्या दुकानदाराचं भाडं घरांच्या भावावर ठरतं आणि गल्ला त्या घरांत राहायला आलेल्या माणसांवर. या दोन गोष्टी एकाच वेळी येत नाहीत. मधल्या काळात दुकानदार मरतो. मी स्वतः मरता मरता वाचलोय, म्हणून आधी माझी गोष्ट सांगतो.

माझे तेरा महिने

२०१८ ची गोष्ट. बीबीए झालं होतं, चार वर्षं एका डिस्ट्रिब्युटरकडे नोकरी झाली होती. पिंपरी-चिंचवडच्या पश्चिम काठावर नवीन टॉवर उठत होते. मला सांगण्यात आलं, "बाराशे फ्लॅट आहेत, सगळे विकले गेलेत." बाराशे घरं म्हणजे बाराशे गिऱ्हाइकं, असा साधा हिशोब मी केला. अठ्ठावीस हजार भाड्याने गाळा घेतला, दोन लाख डिपॉझिट दिलं, फर्निचर केलं, गृहोपयोगी वस्तूंचं दुकान थाटलं.

पहिल्याच महिन्यात कळलं की बाराशेपैकी निम्म्या फ्लॅटचा ताबाच दिलेला नव्हता. ज्यांचा दिला होता त्यातले कितीतरी गुंतवणूक म्हणून घेतलेले, कुलूपबंद. रात्री वर बघितलं तर अख्ख्या टॉवरमध्ये वीस-पंचवीस खिडक्यांत उजेड. दिवसाला दोन-अडीच हजारांचा धंदा. तेरा महिने ओढलं आणि शटर खाली केलं. फर्निचर, डिपॉझिटमधली कपात, पडून राहिलेला माल सगळं धरून साडेसहा लाख गेले. आईच्या पाटल्या सोडवायला पुढे तीन वर्षं लागली.

आता यातली खरी शिकवण ऐका. आज त्याच गाळ्यात दुसऱ्याचं दुकान आहे आणि ते छान चालतं. माझी जागा चुकली नव्हती, वेळ चुकली होती. मी विकलेली घरं मोजली, राहती घरं मोजली नाहीत.

घराचा भाव काय सांगतो आणि काय सांगत नाही

भाव वाढला म्हणजे मागणी वाढली असं आपण धरून चालतो. पण भाव वाढायला बरीच कारणं असतात. जमीन महाग होते, सिमेंट-लोखंड-मजुरी महाग होते, मेट्रोचं किंवा रस्त्याचं काम जाहीर होतं, गुंतवणूकदार घुसतात. यातल्या एकाही कारणामुळे तुमच्या दुकानात उद्या माणूस येत नाही. मेट्रो जाहीर होते तेव्हा भाव हलतो, गाडी धावायला मात्र वर्षं लागतात. पुणे मेट्रोचे पहिले टप्पे मार्च २०२२ मध्ये सुरू झाले आणि पिंपरी-चिंचवडहून स्वारगेटपर्यंत सलग मार्ग व्हायला सप्टेंबर २०२४ उजाडलं. या काळात "मेट्रो येणार" म्हणून गाळ्याचं वाढीव भाडं कितीतरी दुकानदारांनी भरलं असेल, हिशोब करा.

दुसरी गोष्ट. माल विकला जात नसला तरी बिल्डर छापील भाव सहसा खाली आणत नाही. आधी ज्यांनी घेतलंय ते भांडायला येतील, बँकेकडे गहाण टाकलेल्या मालाची किंमत कमी दिसेल. म्हणून तो काय करतो? "मुद्रांक शुल्क आमच्याकडून", "मॉड्युलर किचन फ्री", "ताब्यापर्यंत हप्ता नाही" अशा ऑफर देतो. फलकावरचा भाव तोच, प्रत्यक्षात घर स्वस्त झालेलं. एखाद्या भागात अशा ऑफरचे फलक दाटीने दिसू लागले तर समजा, माल पडून आहे.

मग भरवसा कशावर ठेवायचा? घरभाड्यावर. गुंतवणूकदार रिकामा फ्लॅट विकत घेईल, पण रिकामा फ्लॅट भाड्याने कोणी घेत नाही. भाडं देणारा माणूस तिथे राहतो, दूध घेतो, इस्त्रीला कपडे देतो, नळ गळला तर वॉशर घ्यायला येतो. समजा, ऐंशी लाखांचा फ्लॅट महिना बावीस हजाराने जातोय. वर्षाचं भाडं दोन लाख चौसष्ट हजार, म्हणजे किमतीच्या ३.३ टक्के. तसाच ऐंशी लाखांचा फ्लॅट दुसऱ्या भागात चौदा हजारालाही जात नसेल, तर तिथे वर्षाला २.१ टक्केच. भाव दोन्हीकडे सारखा, पण दुसऱ्या ठिकाणी राहायला माणसं कमी येतायत. दुकानासाठी पहिला भाग बरा.

पुण्यात नवीन घरं काठावरच का उभी राहतात?

हे समजलं की पुढचा भाग कुठला, हे तुम्ही स्वतः ओळखाल. पुण्याच्या मध्यात मोकळी जमीन फारशी नाही. टेकड्यांवर बांधकामाला कडक मर्यादा. पुणे, खडकी आणि देहूरोड अशी तीन कँटोन्मेंट आणि लष्कराच्या मोठ्या जमिनी. लोहगावच्या विमानतळामुळे आसपास उंचीचे निर्बंध. मग शहर सरकतं कुठे? जिथे शेतजमीन आहे आणि रोजगार जवळ आहे तिथे.

पश्चिमेला हिंजवडीचं राजीव गांधी इन्फोटेक पार्क आलं, मुंबई-पुणे एक्सप्रेसवे २००२ मध्ये पूर्ण झाला, आणि वाकड, ताथवडे, पुनावळे, रावेत, बाणेर-बालेवाडी हा पट्टा भरत गेला. पूर्वेला खराडीचं आयटी आणि त्याच्यामागे वाघोली. उत्तरेला चाकणचे वाहन उद्योग आणि त्यामुळे मोशी-चऱ्होली. रोजगार आधी, घरं नंतर, दुकानं सगळ्यांत शेवटी. हा क्रम लक्षात ठेवा.

सरकारी निर्णयांनीही पुरवठा हलतो. २०१५ मध्ये पीएमआरडीए, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण स्थापन झालं. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं पुणे महापालिकेत आली. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई सोडून जवळपास सगळ्या राज्यासाठी एकच बांधकाम नियमावली आली आणि पूर्वी जिथे सात-आठ मजले दिसायचे तिथे वीस-पंचवीस मजल्यांचे टॉवर उभे राहू लागले. टॉवर उंच झाला की एका गेटमागे घरं जास्त होतात, पण बांधायला वेळही जास्त लागतो. म्हणजे तुमचं थांबणंही वाढतं.

आणखी एक. गाव महापालिकेत आलं म्हणून दुसऱ्या दिवशी नळाला पाणी येत नाही. टँकरवर चालणाऱ्या सोसायटीचा मेंटेनन्स वाढतो, भाडेकरू वर्षभरात घर बदलतो, गिऱ्हाईक तुटतं. जागा बघायला जाल तेव्हा दिवसाला किती टँकर आत जातात तेही विचारा.

पुरवठ्याच्या पाच पायऱ्या

"या भागात दहा हजार घरं आहेत" असं कोणी सांगितलं तर विचारायचं, कुठल्या पायरीवरची?

१. जाहीर झालेली घरं. फलक लागला, सँपल फ्लॅट तयार, जमिनीवर काही नाही.

२. बांधकाम चालू असलेली घरं. बुकिंग होतंय, माणसं अजून दुसरीकडे भाड्याने राहतायत.

३. ताबा मिळालेली घरं. भोगवटा पत्र आलं, चाव्या दिल्या.

४. राहती घरं. खिडकीत उजेड, दारात चपला, गॅलरीत कपडे.

५. मुरलेली घरं. दहा-पंधरा वर्षं जुनी सोसायटी, मुलं शाळेत, आजी-आजोबा बाकावर.

पहिल्या पायरीवरून चौथीपर्यंत यायला तीन-चार वर्षं सहज जातात, कधी जास्तच. आणि तिसऱ्यावरून चौथीवर सगळी घरं येतच नाहीत. २०११ च्या जनगणनेत देशभरात जवळपास अडीच कोटी घरं-इमारती रिकाम्या आढळल्या होत्या. "विकलं गेलं" आणि "राहतं झालं" यातली दरी केवढी असते, याचा अंदाज त्यावरून करा.

ही दरी समजायला २०२० चं उदाहरण घ्या. कोविडनंतर राज्य सरकारने सप्टेंबर ते डिसेंबर २०२० मुद्रांक शुल्कात तीन टक्क्यांची आणि जानेवारी ते मार्च २०२१ दोन टक्क्यांची सवलत दिली. घरांच्या नोंदणीला गर्दी उसळली. पण त्यातली जी घरं बांधकामाधीन होती, त्यांत माणसं राहायला यायला पुढे काही वर्षं गेली. बातमी वाचून २०२१ मध्ये तिथे किराणा टाकणारा लवकर पोहोचला, पडदे-जाळीच्या दारांवाला योग्य वेळी पोहोचायला अजून अवकाश होता.

कुठल्या पायरीला कुठला धंदा?

इथे बहुतेक जण चुकतात. प्रत्येक पायरीवर धंदा आहे, पण तो वेगळा आहे.

बांधकाम चालू असताना गिऱ्हाईक म्हणजे मजूर, सुपरवायझर, ड्रायव्हर. चहा-नाश्ता, जेवणाचा डबा, मोबाइल रिचार्ज, छोट्या पाकिटांतला किराणा, हार्डवेअर. फर्निचरवर लाख रुपये घालू नका. पत्र्याच्या शेडमध्ये, रोख व्यवहारात, उचलून नेता येईल असा धंदा ठेवा. बांधकाम संपलं की हे गिऱ्हाईक रातोरात जातं आणि वहीतली उधारी तशीच राहते.

ताबा सुरू झाला की दीड-दोन वर्षांचा हंगाम येतो. सेफ्टी ग्रिल, डासांची जाळी, पडदे, लाईट फिटिंग, मॉड्युलर किचन, पाण्याचा फिल्टर, कपडे वाळवायचे रॉड, इंटरनेट कनेक्शन. एका घराचा खर्च मोठा, पण तो एकदाच. या धंद्याला दुकानापेक्षा टेम्पो आणि फोन नंबर महत्त्वाचा. एक टॉवर झाला की पुढच्या टॉवरकडे सरकायचं.

राहती घरं झाली की रोजचा धंदा : किराणा, दूध, भाजी, इस्त्री, पोळी-भाजी केंद्र, स्टेशनरी, औषधं, पार्लर, क्लासेस. खर्च लहान, पण महिन्याला तीसदा. पक्का गाळा इथेच घ्यायचा.

मुरलेल्या सोसायटीत दुरुस्तीचा धंदा उभा राहतो : वॉटरप्रूफिंग, रंगकाम, प्लंबिंग, जुनं किचन बदलणं, ज्येष्ठांसाठी घरपोच सेवा. माझं आजचं दुकान अशाच पंधरा वर्षं जुन्या सोसायट्यांच्या मध्ये आहे. तिथे फ्लॅटचा भाव नव्या टॉवरपेक्षा कमी आहे, आणि माझा गल्ला जास्त.

पडून असलेला माल मोजायचा सोपा हिशोब

बिल्डर आणि बँका एक आकडा बघतात, तो तुम्हीही बघा. न विकलेली घरं भागिले महिन्याला विकली जाणारी घरं. समजा एका भागात ३,६०० घरं न विकलेली आहेत आणि महिन्याला १५० विकली जातात. म्हणजे २४ महिन्यांचा साठा. दुसऱ्या भागात तेवढीच घरं, पण महिन्याला ३०० जातात, तर १२ महिन्यांचा. तुमच्या दुकानातल्या मालासारखंच आहे हे. साबण महिन्यात संपतो आणि कुकर वर्षभर बसतो, तर पैसे कशात अडकलेत हे कोणी शिकवावं लागत नाही.

साठा मोठा आणि वाढता असेल तर गाळ्याचं भाडं ठरवताना ताकद तुमच्या हातात आहे. बिल्डरला खाली दुकानं चालू दिसायला हवी असतात, कारण त्याशिवाय वरचे फ्लॅट विकले जात नाहीत. फ्लॅट बघायला आलेली बाई पहिलं विचारते, "दूध-भाजी जवळ मिळतं का?"

व्याजदर वाढला की तुमचा गल्ला का हलतो?

मे २०२२ पर्यंत रिझर्व्ह बँकेचा रेपो दर ४ टक्के होता. फेब्रुवारी २०२३ पर्यंत तो ६.५ टक्क्यांवर गेला. २०२५ मध्ये परत कमी व्हायला लागला. दुकानदाराला याचं काय? बघा. ५० लाखांचं कर्ज, २० वर्षांसाठी. ७ टक्के दराने हप्ता साधारण ३८,७६५ रुपये. ९ टक्क्यांनी ४४,९८६. महिन्याला सहा हजार दोनशेचा फरक. हा पैसा कुठून येतो? बाहेरचं जेवण, कपडे, पार्लर, गिफ्ट, नवीन मिक्सर यातून. दूध आणि डाळ-तांदूळ कोणी बंद करत नाही.

म्हणून जिथे बहुतेक घरं नव्या कर्जाची आहेत तिथे चैनीच्या वस्तूंचं दुकान टाकताना दहादा विचार करा. जुन्या सोसायटीत कर्ज फिटत आलेलं असतं, हात मोकळा असतो. टॉवर बघून श्रीमंती मोजायची नाही, हप्ता वजा करून मोजायची.

आता तुमच्या दुकानाचं गणित

वही घ्या. आकडे माझे आहेत, तुम्ही तुमचे घाला.

भाडं ३५,०००. मेंटेनन्स ३,०००. वीज ४,०००. एक मदतनीस १४,०००. तुमचा स्वतःचा पगार २५,०००. (हा धरायचाच! बिनपगारी मालक हा धंद्यातला सर्वांत मोठा लपलेला तोटा असतो.) एकूण ८१,०००.

मालावर सरासरी १५ टक्के सुटत असतील तर महिन्याला ५ लाख ४० हजारांची विक्री हवी. एक घर तुमच्याकडे महिन्याला दीड हजाराची खरेदी करतं असं धरलं तर ३६० घरं हवीत. पण प्रत्येक घर तुमच्याकडे येणार नाही. कोणी ऑनलाइन मागवेल, कोणी मॉलमध्ये जाईल. चारातलं एक आलं तरी चांगलं. म्हणजे आसपास १,४४० राहती घरं हवीत.

आता समजा, तिथे दोन हजार घरं विकली गेलीत पण दिवे पाचशेच लागतात. तुमच्याकडे येणार सव्वाशे घरं. विक्री १ लाख ८७ हजार ५००. नफा २८ हजार १२५. भाडंसुद्धा निघत नाही! मी २०१८ मध्ये हे एक पान लिहिलं असतं तर पाटल्या घरातच राहिल्या असत्या.

जुन्या भागातला धोका : पुनर्विकास

"मग आपण कोथरूडसारख्या भरलेल्या भागातच जाऊ," असं म्हणाल. चांगलं आहे, पण तिथे वेगळी गोष्ट चालू आहे. जुन्या सोसायट्या पाडून नव्या बांधल्या जातायत. समोरच्या तीन इमारती एकदम पुनर्विकासाला गेल्या तर तुमची साठ-सत्तर घरं तीन वर्षांसाठी गायब होतात. ती परत येतील, आणि जास्त संख्येने येतील, कारण जिथे वीस फ्लॅट होते तिथे चाळीस उभे राहतात. पण मधली तीन वर्षं तुम्हाला काढता आली पाहिजेत. म्हणून जागा घेण्याआधी आसपासच्या सोसायट्यांच्या सेक्रेटरीला सरळ विचारा, "काका, तुमच्या पुनर्विकासाचं कुठवर आलंय?" आणि तुमचा गाळा ज्या इमारतीत आहे तिच्याबद्दल तर आधी विचारा. इमारत पाडली तर मालकाला नवा गाळा मिळेल, भाडेकरूला पुढचा रस्ता.

एक शनिवार आणि तीन संध्याकाळी

डिपॉझिट देण्याआधी एवढं काम करा. खर्च पेट्रोलचा.

शनिवारी घरी बसून : महारेराच्या संकेतस्थळावर जा. २०१७ पासून ठरावीक आकाराच्या वरच्या प्रत्येक नव्या प्रकल्पाची तिथे नोंदणी लागते. ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीवर क्यूआर कोडही बंधनकारक आहे, तो स्कॅन केला तरी चालतो. तुमच्या जागेजवळचे सगळे प्रकल्प काढा. प्रत्येकाचे तीन आकडे वहीत उतरवा : एकूण घरं किती, बुक झालेली किती, पूर्ण होण्याची तारीख कुठली. तारीख एकदा-दोनदा पुढे ढकललेली असेल तर तिथे लाल खूण करा. त्यानंतर नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर दस्त शोधून 'सूची क्रमांक दोन' बघा. तिथे व्यवहाराची लिहिलेली रक्कम दिसते, ब्रोकरच्या तोंडची नाही.

तीन संध्याकाळी जागेवर : दोन कामाचे दिवस, एक रविवार. दिवाळीत किंवा जोडून सुट्ट्या आल्या असताना जाऊ नका. रात्री साडेआठला टॉवरची एक बाजू निवडा आणि उजेड असलेली घरं मोजा. एका घराच्या दोन खिडक्या दोनदा मोजू नका. मग खाली या आणि चौघांशी बोला : दूधवाला, पेपरवाला, इस्त्रीवाला आणि गेटवरचा सुरक्षारक्षक. पुणे महापालिकेच्या हद्दीत असाल तर घरोघरी कचरा गोळा करणाऱ्या 'स्वच्छ'च्या ताईंशी बोला. त्यांचे पैसे घरामागे मिळतात, त्यामुळे कुठलं घर बंद आहे हे त्यांच्याइतकं नेमकं कोणालाच माहीत नसतं. त्यांचा वेळ घेताय, तर चहा पाजा आणि आदराने विचारा.

करारात काय मागायचं?

दिवे कमी आहेत पण वाढतायत, अशी जागा असेल तर ती सोडू नका. फक्त वाढीचा भार एकट्याने उचलू नका.

पायरीचं भाडं मागा. पहिले सहा महिने पंधरा हजार, पुढचे सहा बावीस, मग पस्तीस. फर्निचरच्या कामासाठी एक-दोन महिने बिनभाड्याचे मागा. लॉक-इन, म्हणजे सोडता न येण्याचा काळ, तुमच्यासाठी सहा महिन्यांपेक्षा जास्त नको. भाडं कार्पेट एरियावर मोजा. "तीनशे फूट" म्हणून दिलेला गाळा आतून एकशे नव्वद भरतो, हे मी टेप घेऊन मोजलंय. करार नोंदवल्याशिवाय पैसे देऊ नका. गाळा विकत घेत असाल तर ध्यानात ठेवा, नोंदणीकृत प्रकल्पातली दुकानंही रेरा कायद्यात येतात, आणि नोंदणीकृत करार झाल्याशिवाय बिल्डरला दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही.

घरमालक म्हणेल, "या भागाचा भाव बघा ना, वर्षभरात दुप्पट होईल." शांतपणे म्हणा, "होऊ दे काका. तेव्हा भाडंही वाढवू. आज किती घरांत लोक राहतात, त्यावर बोलू."

त्या मुलाचं काय झालं?

तो तीन संध्याकाळी जाऊन आला. बाहेरून दिसणाऱ्या दोन बाजूंना चारशे बारा घरं, उजेड एकशे सहा घरांत. त्याने मला विचारलं, "मग सोडून देऊ का?" मी म्हटलं, आत्ता पक्का गाळा सोड, भाग सोडू नको. तीन टॉवरचा ताबा येत्या वर्षात आहे. तुझ्याकडे वडिलांचे तीन लाख आहेत, त्यातले साठ हजार लाव. जाळीची दारं आणि पडद्यांचं काम एका कारागिराबरोबर सुरू कर. प्रत्येक घरात जाशील, मोजमाप घेशील, ओळखी होतील. वर्षभराने त्याच माणसांच्या जोरावर गाळा घे. तेव्हा भाडं कदाचित पाच हजारांनी जास्त असेल. ते पाच हजार आनंदाने दे.

बाकीचे दोन लाख चाळीस हजार वडिलांच्या खात्यात राहू दे. ती त्यांची तीस वर्षांची नोकरी आहे, बिल्डरच्या फलकावरचा आकडा नाही.

तुम्हीही कुठली जागा बघत असाल तर डिपॉझिट देण्याआधी तीन संध्याकाळी तिथे उभे राहा. वहीत तीन आकडे लिहा : एकूण घरं, विकलेली घरं, दिवे लागलेली घरं. निर्णय तिसऱ्या आकड्यावर घ्या.

भेटू पुढच्या व्हिडिओत. धंदा करा, पण मोजून करा!